अस्थींवरून निष्ठा मोजू नये

माझे मामा एकतीस वर्षं कॅलिफोर्नियात राहिले. नागरिकत्व तिथलं घेतलं, घर तिथे केलं, एकही निवडणूक मतदानाशिवाय जाऊ दिली नाही. गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मामी अस्थी घेऊन नाशिकला आली. विमानतळावर कागद दाखवले, दोन प्रश्न झाले, संपलं. रामकुंडावर गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं, मामेभावाने अडखळत गोत्र सांगितलं, कलश रिकामा झाला. घाटाच्या पायऱ्या चढताना मामी एवढंच म्हणाली, ‘‘पोचले घरी.’’

यावरून मामांच्या देशनिष्ठेबद्दल अमेरिकेत कुणी शंका घेतली नाही. घ्यायचं कारणही नव्हतं. जन्मभर ज्या गावात कर भरला, ज्या गावाच्या शाळेसाठी वर्गणी दिली, तेच त्यांचं गाव होतं. अस्थींची गोष्ट वेगळी. ती त्यांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या मधली होती.

याच कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १८७८ साली एक कायदा केला होता. पुरलेल्या माणसाचे अवशेष उकरून हलवायचे असतील तर परवाना काढायचा आणि त्यासाठी दहा डॉलर भरायचे. मथळ्यात सार्वजनिक आरोग्याचं नाव होतं. पण पुरलेल्या माणसांच्या अस्थी पद्धतशीरपणे वर काढून मायदेशी धाडणारा समाज त्या राज्यात एकच होता : दक्षिण चीनमधल्या कँटन परिसरातून आलेले कष्टकरी. रेल्वेमार्गावर राबणाऱ्या चिनी मजुराचा पगार महिना तीस डॉलरच्या आसपास असे, म्हणजे मेलेल्या भावासाठी दहा दिवसांची मजुरी सरकारजमा करायची. वाँग युंग क्वाय नावाचा माणूस परवान्याशिवाय अस्थी हलवल्याबद्दल धरला गेला, त्याने दाद मागितली आणि १८८० मध्ये फेडरल न्यायालयाने कायदा उचलून धरला.

या दहा डॉलरांपाशी मी बरेच दिवस अडखळलो आहे. कारण त्यांच्यामागे एक युक्तिवाद आहे, आणि तो आजही जिवंत आहे : ज्यांची हाडंसुद्धा इथल्या मातीत राहायला तयार नाहीत, ज्यांचे देव परके आहेत, ते लोक इथले कसे? मराठी वाचकाला हा युक्तिवाद नवा नाही. पितृभू आणि पुण्यभू हे शब्द आपल्याकडे शंभर वर्षं चर्चेत आहेत. ज्याची पुण्यभू दुसरीकडे त्याचं मन दुसरीकडे, असं आपण सहज म्हणून जातो. मला हे साफ चूक वाटतं. कुणी कुठल्या देवापुढे उदबत्ती लावतो आणि मेल्यावर त्याला कुठे न्यायचं असतं, यावरून तो ज्या देशात जगतो त्याच्याशी त्याचं नातं ठरत नाही. ते नातं कायदा ठरवतो, शेजार ठरवतो. कँटनी लोकांचा परदेशातला दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना हे मला जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

हे लोक बहुतांशी एका छोट्या टापूतले. कँटन शहराच्या नैर्ऋत्येला शिनहुई, तायशान, काइपिंग आणि एनपिंग हे चार जिल्हे आहेत. त्यांना मिळून सी यप म्हणायचं, म्हणजे ‘चार परगणे’. डोंगराळ, कमी पिकाची जमीन. १८३९ ते १८४२ चं पहिलं अफूयुद्ध, १८५४ चा लाल फेटेवाल्यांचा उठाव, आणि १८५५ पासून बारा वर्षं चाललेली स्थानिक व बाहेरून येऊन वसलेल्या हाक्का लोकांमधली कापाकापी, अशा एकामागून एक आपत्ती आल्या. त्यातच १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी हाँगकाँगच्या धक्क्यावर पोचली. त्या देशाला त्यांनी नाव दिलं गाम सान, सोन्याचा डोंगर. पुढे ऑस्ट्रेलियातही सोनं सापडलं तेव्हा मेलबर्न नवा सोन्याचा डोंगर झालं आणि सॅन फ्रान्सिस्को जुना. चिनी भाषेत त्या शहराला आजही ‘जुना सोन्याचा डोंगर’च म्हणतात. जहाजाचं भाडं उसनं घ्यायचं आणि पोचल्यावर राबून फेडायचं, अशी रीत होती.

आता अस्थींकडे येतो, कारण तिथे समजुतीचा मोठा घोटाळा आहे. कँटन प्रांतात माणूस दोनदा पुरला जातो. आधी प्रेत पुरायचं. सात-आठ वर्षांनी, कधी दहा वर्षांनी, हाडं वर काढायची, पुसून स्वच्छ करायची, मोजायची आणि मातीच्या रांजणात रचायची. पायांची हाडं तळाशी, कवटी सगळ्यात वर, म्हणजे आत माणूस बसलेला आहे असं दिसावं. या रांजणाला गाम ताप म्हणतात, सोन्याचा मनोरा. तो चांगली जागा पाहून पुन्हा पुरायचा आणि दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला चिंग मिंगच्या दिवशी लेकरांनी तिथे जाऊन गवत काढायचं, जेवण वाढायचं, कागदी पैसा जाळायचा. म्हणजे हाडं उकरणं ही अमेरिकेचा तिरस्कार म्हणून शोधलेली गोष्ट नव्हती. गावात राहिलेल्या भावाचीही हाडं उकरलीच जात. परदेशात गेलेल्याच्या बाबतीत दोन दफनांच्या मध्ये एक महासागर आला, इतकंच.

आणि ज्याला दुसरं दफन नाही, ज्याला वाढणारं कुणी नाही, त्याचं काय होतं? तो भुकेलं भूत होतो. सातव्या चांद्र महिन्यात अशा भुतांसाठी रस्त्यावर अन्न ठेवतात, कारण त्यांना घर नाही. पिंडाला कावळा शिवला नाही तर आपल्याकडे घरादाराचा जीव कासावीस होतो, सर्वपित्रीला ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनाही आपण पान वाढतो. त्यामुळे ही भीती समजून घ्यायला मराठी माणसाला लांब जावं लागू नये. सिएरा नेवाडा पर्वतातल्या बर्फात, रेल्वेसाठी लावलेल्या सुरुंगाच्या स्फोटात मेलेल्या तरुणाला मरणापेक्षा या गोष्टीची धास्ती जास्त होती, असं मला वाटतं. त्याला मुलगा नव्हता. बायको असलीच तर तायशानमध्ये होती. त्याला वाढणार कोण?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून जी संस्था उभी राहिली तिला कँटनी लोक कून म्हणतात. मंडळ, धर्मशाळा, पेढी आणि देऊळ सगळं एकाच छपराखाली. जहाजातून उतरलेल्या माणसाला सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर त्याच्या जिल्ह्याच्या कूनचा माणूस उभा असे. तो त्याला पथारी देई, खाणीचं नाहीतर रेल्वेचं काम मिळवून देई, घरी पत्र लिहून देई. भांडणं तिथे मिटत. माडीवर देव असे, बहुतेक वेळा क्वान कुंग. तिसऱ्या शतकातला हा सेनापती, ज्या मित्राला शब्द दिला त्याच्यासाठी आयुष्यभर लढला, म्हणून देव झाला. लांबलचक दाढी, लाल चेहरा. परक्या देशात, जिथे न्यायालय तुमचं ऐकत नाही, तिथे उधारी आणि भागीदारी कशाच्या भरवशावर करायची? क्वान कुंगसमोर घेतलेल्या शपथेच्या. न्यायालय ऐकत नव्हतं हे मी अलंकारिक बोलत नाही. १८५४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पीपल विरुद्ध हॉल’ खटल्यात ठरवलं की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. लिंग सिंग या चिनी माणसाच्या खुनात गोऱ्या आरोपीला झालेली शिक्षा त्या निकालाने रद्द झाली.

मी कूनचे गोडवे गात नाही. तिथली सत्ता सावकार आणि व्यापाऱ्यांच्या हाती होती. देणी फेडल्याचा दाखला कूनने दिल्याशिवाय परतीचं तिकीट मिळू नये, अशी व्यवस्था जहाज कंपन्यांशी करून ठेवली होती. म्हणजे जी संस्था मेल्यावर घरी पोचवण्याची हमी देई, तीच जिवंतपणी दार अडवून उभी राही. अस्थी पाठवल्या जात त्याही बहुतांशी पुरुषांच्या. स्त्रिया आणि लहान मुलं परदेशाच्या मातीतच राहिली. विकून आणलेल्या मुलींच्या वाट्याला तर ना कून आलं ना सोन्याचा मनोरा. हे सगळं खरं आहे. पण ज्यांनी या समाजावर बंदी घातली त्यांनी या मुलींसाठी घातली नव्हती.

पाठवणी कशी होई ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक जिल्ह्याचं एक परोपकारी मंडळ असे. जाणकार माणसं गावोगावच्या दफनभूमीत जात, थडग्यावरचं नाव वहीत ताडून पाहत, हाडं मोजून पत्र्याच्या पेटीत भरत, पेटीवर नाव आणि गाव लिहीत. पेट्या हाँगकाँगला पोचत. तिथलं तुंग वा रुग्णालय, १८७० साली कँटनी व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, त्या उतरवून घेई आणि ज्याच्या त्याच्या गावी धाडी. कुणी न्यायला येईपर्यंत ठेवायला १८९९ मध्ये रुग्णालयाने एक वेगळी इमारतच बांधली. अक्षरओळख जेमतेम असलेल्या मजुरांनी हा हिशेब चार खंडांमध्ये सांभाळला. आपल्या माणसाचं एक हाडही हरवू नये म्हणून इतकी चिकाटी धरणारे लोक मला श्रद्धेच्या बाबतीत कुणापेक्षा कमी वाटत नाहीत. त्यांच्या देवळांना मात्र गोऱ्या वस्तीत ‘जॉस हाऊस’ म्हणत. हा ‘जॉस’ म्हणजे पोर्तुगीज लोकांचा देवासाठीचा शब्द, आशियातल्या बंदरांत बोलता बोलता झिजलेला. देवाचंच घर असं नाव देऊन त्याच तोंडाने त्याला अंधश्रद्धेचा अड्डा म्हटलं जाई.

आता कायदा काय करत होता ते पाहा. १८७० च्या नागरिकत्व कायद्याने गोरे आणि आफ्रिकी वंशाचे एवढ्यांनाच नागरिक होता येत होतं. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचं येणं जवळजवळ थांबलं. १८८२ च्या बंदी कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केलं आणि नागरिकत्व स्पष्ट शब्दांत नाकारलं. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत एक लाख तीन हजारांवर चिनी पुरुष होते आणि चार हजारांहून कमी स्त्रिया. या आकड्यांपुढे ‘हे लोक इथे संसार थाटत नाहीत’ हा आरोप ठेवून पाहा. संसार कुणाशी थाटायचा? बायकोला येऊ द्यायचं नाही, मुलाला जन्मू द्यायचं नाही, मताचा अधिकार द्यायचा नाही, आणि मग म्हातारा झालेला माणूस म्हणाला की माझी हाडं तरी माझ्या पुतण्याकडे पोचवा, तर त्यालाच पुरावा म्हणून पुढे करायचं.

न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांची गोष्ट या संदर्भात मला विसरता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १८७६ मध्ये एक नियम केला होता : तुरुंगात आलेल्या प्रत्येकाचे केस कापायचे. रोख चिनी माणसांच्या वेणीवर होता, कारण वेणीशिवाय चीनमध्ये परत जाणं म्हणजे बादशहाविरुद्ध बंड. हो आह काउ नावाच्या कैद्याने दावा लावला आणि १८७९ मध्ये फील्ड यांनी तो नियम रद्द केला. वेणी जाणं या माणसाच्या धर्मश्रद्धेप्रमाणे मेल्यानंतरच्या यातनांशी जोडलेलं आहे, याची दखल त्या निकालात आहे. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात त्याच फील्ड यांच्यापुढे दुसरा खटला आला. चाइ चान पिंग हा मजूर बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राहून, परत येण्याचं सरकारी प्रमाणपत्र खिशात घालून मायदेशी जाऊन आला. तो समुद्रात असताना, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, नवा कायदा झाला आणि ती प्रमाणपत्रं रद्द ठरली. आठवड्याभरात जहाज धक्क्याला लागलं, त्याला उतरू दिलं नाही. १८८९ च्या निकालात फील्ड यांनी सरकारची बाजू उचलून धरली. हे लोक या भूमीत परकेच राहिले, वेगळे राहतात, आपल्या देशाच्या चालीरीतींना चिकटून राहतात, असं त्यांनी लिहिलं. ज्याने दहा वर्षांपूर्वी चालीरीतीमागची श्रद्धा ओळखली होती, त्यालाच आता ती चालीरीत हद्दपारीचं कारण म्हणून पुरली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे लोक खरोखरच काही वर्षं कमावून परत जायला आले होते ना? हो, पुष्कळ जण. पान गळलं की मुळाशी जातं, अशी त्यांच्यात म्हण आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेल्या इटालियन मजुरांतलाही फार मोठा हिस्सा पैसे साठवून परत गेला, आणि ज्यांना राहायचं होतं त्यांना नागरिक होता येत होतं. जो राहिला त्याचा नातू आज निखळ अमेरिकन आहे. परत जायची इच्छा दोघांचीही होती. राहायची मुभा एकालाच होती.

आणि धर्म हेच कारण असतं तर ख्रिस्ती झालेल्या चिनी माणसाला तरी सोडायला हवं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत १८५३ मध्येच प्रेस्बिटेरियन मिशनरी विल्यम स्पीअर यांनी चिनी चर्च उभं केलं. बाप्तिस्मा घेतलेल्या मजुरालाही नागरिकत्व मिळालं नाही, बायको आणता आली नाही. पुण्यभू बदलून काही झालं नाही, कारण आरोप पुण्यभूचा कधी नव्हताच.

उलट देव मात्र स्थायिक झाले. माणसांच्या आधी झाले, असंच म्हणावं लागेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेव्हर्ली प्लेस या गल्लीत तिन हाऊचं देऊळ आहे, समुद्र पार करणाऱ्यांना सांभाळणाऱ्या देवीचं. परंपरा त्याची स्थापना १८५२ ची सांगते. ते इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, कारण देवी आणि आकाश यांच्यामध्ये कुणाचा संसार नको. चिनी लोक त्या गल्लीला देवीच्याच नावाने ओळखतात. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सगळी वस्ती जळाली, तेव्हा शहरातल्या पुढाऱ्यांनी चिनी लोकांना दूर हंटर्स पॉइंटला हलवायचा बेत केला. लोक हलले नाहीत. जळक्या विटांवर पुन्हा तिथेच घरं बांधली, देवीलाही तिथेच बसवलं. परतीच्या वाटेवर डोळा ठेवून बसलेला माणूस राखेतल्या जागेसाठी असा भांडत नाही.

कॅलिफोर्नियाच्याच मेरीसव्हिलमध्ये यूबा नदीच्या काठी १८८० साली बांधलेलं बोक काय देऊळ आहे. बोक काय हा उत्तर दिशेचा देव, पाण्याचा धनी. चीनमध्ये असताना तो तिथल्या नद्या सांभाळत असेल. मेरीसव्हिलला आल्यावर यूबाचा पूर आवरणं हे त्याचं काम झालं. शहर दोन नद्यांच्या संगमावर आहे, पुराचा धाक कायमचा. दुसऱ्या चांद्र महिन्यात त्याचा उत्सव होतो, फटाक्यांच्या बाराने उडालेली शुभ कडी पकडायला तरुणांची झुंबड उडते, आणि मिरवणुकीत सारं गाव असतं, चिनी नसलेलंही. आपल्या नदीला पूर येऊ नये म्हणून ज्या देवाला साकडं घालतात त्याला परका म्हणायला जीभ कशी रेटते, मला कळत नाही. उत्तरेकडच्या डोंगरांत वीव्हरव्हिल गावी १८७४ चं देऊळ आहे. तिथले बहुतेक चिनी निघून गेले तरी मागे राहिलेल्या एका चिनी कुटुंबाने ते राखलं, १९५६ मध्ये ते राज्याच्या ताब्यात गेलं, आणि संग्रहालय झाल्यावरही तिथे उदबत्ती लावायची मोकळीक आहे. जुनं देऊळ राखायचं तर असं राखावं.

सॅन फ्रान्सिस्कोत मात्र चिनी लोकांची जुनी दफनभूमी ज्या शहर-स्मशानात होती, तिथे आज लिंकन पार्कचं गोल्फ मैदान आहे. काँग चाव मंडळाने मृतांसाठी बांधलेली दगडी कमान हिरवळीच्या मधोमध अजून उभी आहे. आजूबाजूला चेंडू मारणारी माणसं असतात.

शेजारी कसा असावा याचं उदाहरण मला न्यूझीलंडमध्ये सापडतं. तिथेही चिनी माणसांवर १८८१ पासून दहा पौंडांचा आणि १८९६ पासून शंभर पौंडांचा प्रवेशकर होता. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘व्हेंटनॉर’ नावाचं जहाज ४९९ चिनी मृतांचे अवशेष घेऊन वेलिंग्टनहून हाँगकाँगकडे निघालं. बहुतेक जण सोन्याच्या खाणीत राबलेले, कँटनजवळच्या पान्यू जिल्ह्यातले. ही पाठवणी ज्या मंडळाने आखली त्याचे पुढारी, ड्यूनेडिनचे व्यापारी चोई स्यू हॉय, आदल्या वर्षी वारले होते आणि तेही याच जहाजात होते. जहाज खडकावर आदळलं आणि उत्तरेला होकियांगाच्या समोर बुडालं. घरी पोचायला निघालेले सगळे पुन्हा परक्या पाण्यात. पुढच्या दिवसांत काही शवपेट्या आणि हाडं किनाऱ्याला लागली. त्या किनाऱ्यावर ते रोरोआ आणि ते ररावा या माओरी जमाती राहतात. त्यांना या हाडांची भाषा माहीत नव्हती, देव माहीत नव्हते. त्यांनी ती गोळा केली आणि आपल्या पूर्वजांशेजारी पुरली, आणि ही गोष्ट मुलांना, नातवंडांना सांगत राहिले. शंभर वर्षांनी खाणकामगारांचे वंशज शोध घेत तिथे पोचले, तेव्हा त्यांना कळलं की आपले आजे-पणजे भुकेले राहिले नव्हते. कुणीतरी त्यांची आठवण ठेवली होती. २०१३ मध्ये ते सगळे मिळून त्या जमातींचे आभार मानायला गेले.

ज्या लोकांनी आपली हाडं तायशानला नेण्याची इच्छा धरली, त्यांच्याच एका मुलाने अमेरिकेला नागरिकत्वाचा अर्थ शिकवला. वाँग किम आर्क १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. आईबाप तायशानचे, पुढे ते कायमचे चीनला परतले. हा स्वयंपाकी म्हणून काम करी. १८९५ मध्ये चीनला जाऊन परत आला तेव्हा त्याला धक्क्यावर अडवलं : तू चिनी, तू नागरिक नाहीस. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १८९८ मध्ये जिंकला. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल, आईबाप परदेशी नागरिक असले तरी, अमेरिकन नागरिक, हे त्या निकालाने पक्कं झालं. व्हिसावर गेलेल्या पुण्या-नागपूरच्या जोडप्यांची जी मुलं तिथे जन्मतात, ती नागरिक होतात ती या कँटनी स्वयंपाक्याच्या जिद्दीवर. २०२५ च्या जानेवारीत या हक्काला मुरड घालणारा आदेश तिथल्या अध्यक्षांनी काढला तेव्हा न्यायालयांत पुन्हा त्याचंच नाव घुमलं. चिनी लोकांसाठी बनवलेली दारं पुढे आपल्यावरही बंद झाली होती, तेही लक्षात ठेवावं. १९१७ च्या कायद्याने भारतीयांचं येणं थांबलं, १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं गेलं. माझे मामा तेव्हा तिथे असते तर त्यांचाही कलश पुरावा ठरला असता.

आता हे सगळं आपल्या दारात आणतो, कारण हा इतिहास फक्त अमेरिकेचा नाही. मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, माझगावच्या नवाब टँक रोडवर सी यप कून आहे. १९१९ चं क्वान कुंगचं देऊळ. नावातच त्या चार परगण्यांची ओळख आहे. बंदरात काम करणाऱ्या आणि बोटींवर राबणाऱ्या कँटनी माणसांची ती कमाई. कोलकात्यात छातावाला गल्लीत सी यप लोकांचं १९०५ चं देऊळ आहे, त्याला तिथे ‘सी इप चर्च’ म्हणतात. कोलकात्याचे चिनी लोक आपल्या देवळांना इंग्रजीत चर्चच म्हणतात. अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग आचू नावाचा चिनी माणूस हुगळीकाठी आला, वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवली, साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाने आचिपूर गाव आहे, नदीकाठी त्याची लाल कबर आहे. चिनी नववर्षानंतर कोलकात्याचे चिनी कुटुंबकबिल्यासह तिथे जातात. ज्या समाजाचं आद्य तीर्थच हुगळीच्या काठावर आहे, त्याची पुण्यभू कोणती?

या प्रश्नाचं उत्तर आपण १९६२ मध्ये दिलं, आणि फार वाईट दिलं. चीनशी युद्ध सुरू झालं, भारतसंरक्षणाचे अध्यादेश निघाले, आणि चिनी वंशाच्या माणसांना, इथे जन्मलेल्यांनासुद्धा, संशयित ठरवण्यात आलं. आसाममधून, दार्जिलिंगच्या डोंगरांतून, शिलाँगमधून कुटुंबंच्या कुटुंबं उचलली. त्यांत आसामच्या मळ्यांवर चहा पिकवायला एकोणिसाव्या शतकात आणलेल्या मजुरांचे वंशज होते. म्हातारे होते, तान्ही मुलं होती. सुमारे तीन हजार माणसं कित्येक दिवसांचा रेल्वेप्रवास करून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत पोचली. त्यांच्यावर खटला नव्हता, आरोपपत्र नव्हतं. काहींना चीनला धाडलं, जिथे अनेकांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. काही जण १९६७ पर्यंत आत होते. परतलेल्यांची घरंदारं गेलेली होती. पुढे हजारोंनी कॅनडाची वाट धरली.

युद्ध होतं, मला मान्य आहे. सैनिक बर्फात मरत होते, लोकांची मनं भाजली होती. सरकारने गुप्तहेर शोधावेत, पुरावा असेल त्याला पकडावं. पण नाकडोळ्यांवरून, आडनावावरून, देव्हाऱ्यावरून पाच वर्षांच्या मुलाला पकडताना आपण १८८९ च्या त्या निकालाचीच भाषा बोलत होतो. आणि त्या वेळी माझगावच्या माडीवर जो देव होता, तो निष्ठेचाच देव होता.

न्यूझीलंडने २००२ च्या फेब्रुवारीत प्रवेशकराबद्दल माफी मागितली. कॅनडाने चिनी माणसांकडून पाचशे डॉलरपर्यंत कर उकळला होता आणि १९२३ ते १९४७ दार बंदच ठेवलं होतं. २२ जून २००६ रोजी तिथल्या संसदेत पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी माफी मागितली आणि ‘कॅनडा माफी मागतो’ हे शब्द कँटनी भाषेत उच्चारले. अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी २०११ आणि २०१२ मध्ये बंदी कायद्याबद्दल खेदाचे ठराव केले. भारत सरकारने देवळीबद्दल माफीचा एक शब्दही काढलेला नाही.

दर नववर्षाला माझगावच्या देवळाची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून येतात. लाल कंदील, उदबत्त्यांचा धूर, मुंबई कशी सगळ्यांना सामावून घेते वगैरे. मीही ती आवडीने पाहतो. पण त्या छायाचित्राखाली देवळीचं नाव कधी नसतं. देऊळ आमचा वारसा आणि त्यात हात जोडणारी माणसं मात्र पाहुणी, हे मला आता सहन होत नाही. देवळीत एक फलक लागावा, तिथे ठेवलेल्यांची नावं त्यावर असावीत, शाळेच्या पुस्तकात १९६२ च्या धड्यात चार ओळी याही असाव्यात, आणि संसदेत माफीचा ठराव व्हावा. पैशांची गोष्ट त्यानंतरची.

कॅनडाने नुकसानभरपाई जाहीर केली तेव्हा स्वतः कर भरलेल्यांपैकी फार थोडे हयात होते. बाकीच्यांसाठी ती माफी थडग्यांनीच ऐकली. देवळीला गेलेलं सहा वर्षांचं मूल आज सत्तरीला आलं आहे.